पाण्यावर किडा नसतो त्या दिवसांसाठी

गळ बोटात रुतला तेव्हा क्षमाच्या तोंडून 'आई गं' एवढंसुद्धा निघालं नाही. ओरडायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं. ती नुसती बोटाकडे बघत बसली. रक्ताचा थेंब वर आला, फुगला, ओघळला. शेजारच्या मंगलनं 'अगं बया, रगत बघ की!' म्हणून चिंधी पुढं केली, तेव्हा कुठं तिला दुखायला लागलं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपार तापली होती आणि मालक महादेव दारातल्या उजेडात मोबाईल हातभर लांब धरून परदेशी गिऱ्हाइकाची मागणी त्यातच मराठी करून वाचून दाखवत होता. 'ऐका हो क्षमाताई, काय लिवलंय बघा ह्यानं. म्हणतोय, आमच्या नदीवर असे दिवस येतात की पाण्यावर एक किडा उडत न्हाय. तसल्या दिवसांसाठी एक डबी भरून पाठवा. कुठल्या माशा घालायच्या ते तुमचं तुम्हीच ठरवा.' एवढं होईपर्यंत तिचा हात चालूच होता. पण त्यानं पुढचं वाचलं : 'किडे नाहीत म्हणून मासा जेवत नाही असं समजू नका. भूक असतेच. तो फक्त वर येत नाही.' आणि तिथंच, इतक्या वर्षांत कधी न चुकलेला तिचा हात चुकला.

शेडमधलं काम कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. कोंबड्याच्या मानेचं पीस, सशाची लव, रेशमी दोरा, पितळी मणी यांतून गळाभोवती बोटाच्या पेराएवढा खोटा किडा, म्हणजे 'माशी', बांधायचा. तो लांब परदेशात थंड नद्यांमध्ये ट्राउट नावाचा मासा धरायला जातो. इथं ट्राउट कुणी पाहिलेला नाही, महादेवनंही नाही. तो उचगावचा. कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या कर्नलकडं गाडीवर होता, त्या कर्नलला हा नाद. उन्हाळ्यात हिमाचलात जायचा आणि उरलेलं वर्ष व्हरांड्यात बसून माशा बांधायचा. त्याच्याकडून महादेव शिकला, महादेवकडून या बायका. मंगल निपाणीची, लहानपणापासून विड्या वळलेली. तिची बोटं तर आपणहून चालतात. बायकांनी माशांना आपापली नावं दिलीत : सुरवंट, काळी मुंगी, म्हातारी. तांबड्या कमरेची, पांढऱ्या पंखांची एक आहे, तिला सगळ्या 'नवरी' म्हणतात. तसला किडा जगात कुठंच नाही म्हणे. क्षमा बी.कॉम. झालेली, इंग्रजी वाचणारी, म्हणून डब्या भरायचं काम तिच्याकडं. एरवी गिऱ्हाईक नावं पाठवतं, ती मोजून भरते. आज पहिल्यांदाच कुणीतरी ठरवायचं तिच्यावर टाकलं होतं, आणि नेमका आजचाच दिवस गाठला होता. उद्या सकाळी अण्णांना मुनिमहाराजांकडे न्यायला गाडी येणार होती.

अण्णा म्हणजे तिचे वडील, बाबगोंडा. निपाणीजवळच्या खेड्यात जन्मभर तंबाखू पिकवला आणि स्वतः कधी चिमूटभर तोंडात टाकला नाही. आई गेली तसं क्षमानं त्यांना बेळगावात आणलं, अनगोळच्या आपल्या दोन खोल्यांत. भाऊ अरिहंत पुण्याला. तो दर रविवारी फोन करतो आणि 'काही लागलं तर सांग' म्हणतो. काय लागतं ते विचारत नाही. सुरुवातीला अण्णा बरे होते. सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जायचे, येताना भाजी आणायचे, भाजीवालीशी कन्नडात हुज्जत घालायचे. मग बाहेर जाणं कमी झालं. मग भाकरी अर्धी झाली, मग चतकोर, मग नुसतं ताक. डॉक्टरनं रक्त तपासलं, फोटो काढला, सगळं ठीक म्हणाला आणि हसून 'वय' म्हणाला. वय! जसं काय ते एका रात्रीत अंगावर आलं होतं. क्षमा करून करून थकली. आई करायची तशी शेवयाची खीर, आई करायची तशी गूळ घातलेली गव्हाची हुग्गी, आईसारखं तुपाची धार धरलेला मऊ भात. सकाळी पाचला उठून करायची, कामावरून येऊन पुन्हा करायची. अण्णा ताटाकडे बघायचे, एक घास तोंडात धरायचे, बराच वेळ धरायचे, आणि मग तिला वाईट वाटू नये म्हणून कसाबसा गिळायचे. ते बघणं तिला अण्णांच्या न जेवण्याहूनही जड जायचं. ताकदीची गोळी ती केळ्याच्या फोडीत खुपसून द्यायची. एकदा तशी फोड पुढं करताना तिला आपलाच हात दिसला, चिमटीत फोड, फोडीत काहीतरी दडवलेलं. दिवसभर शेडमध्ये जे करते तेच मी घरी येऊन बापाला करते आहे. त्या दिवसापासून गोळी बंद केली. बरं केलं की वाईट, देव जाणे.

आणि मग लक्ष्मीबाईंनी तो घोळ घातला. घोळ म्हणायलाही जीभ रेटत नाही, कारण बाई मनानं चांगली. शेजारच्याच घरातल्या, तोंडात सदा णमोकार, कुणाच्या दुखण्याखुपण्याला पहिल्या धावणाऱ्या. एका दुपारी त्यांनी खिडकीतून विचारलं, 'अण्णा, जेवलासा काय?' अण्णा म्हणाले, 'नको वाटतंय आता. पुरे झालं.' दुसऱ्या कुठल्या गल्लीत हे बोलणं झालं असतं तर बाईनं लिंबाचं लोणचं आणून दिलं असतं. लक्ष्मीबाईंनी आत येऊन अण्णांच्या पायावर डोकं ठेवलं. संध्याकाळपर्यंत बस्तीत झालं, बाबगोंडांनी सल्लेखना घेतली, मरणापर्यंत अन्न सोडलं. दुसऱ्या दिवशी क्षमा कामावरून आली तर दारात ही चपलांची रांग! आत बायका सुरात स्तोत्र म्हणत होत्या आणि अण्णा भिंतीला टेकून, हात जोडून बसले होते, चुकून भलत्याच लग्नाच्या पंगतीत बसवलेल्या माणसासारखे. तिला वाटलं, आता अण्णा बोलतील. अण्णा बोलले नाहीत. अण्णांना वाटलं असेल, क्षमा बोलेल.

क्षमा का बोलली नाही? बोटाला चिंधी गुंडाळून ती समोर माशांचे खण मांडून बसली होती आणि हाच प्रश्न मनात फिरत होता. त्याचं उत्तर तिला ठाऊक होतं, नुसतं त्याच्याकडं तोंड करून बसायची तयारी नव्हती. नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हापासून, आणि त्यावर हे गळाचं काम धरलं तेव्हापासून, बस्तीतल्या बायका तिच्याशी गोड बोलायच्या आणि लांब राहायच्या. पूजेचा पाट उचलायला ती वाकली की तिच्या आधी कुणीतरी उचलायचं. कुणी तोंडावर काही बोलत नसे. एकदा फक्त मागून ऐकू आलं होतं, 'मासं धरायचं गळ करतीया म्हणं, आणि हितं येऊन अर्घ्य देतीया.' मासे परत पाण्यात सोडून देतात, असं महादेवनं सांगितलेलं ती स्वतःला सांगत राहायची. पण ज्याच्या ओठात गळ घुसतो त्याला सोडून दिल्याचं काय कौतुक? आणि आता त्याच बायका तिच्या दारात उभ्या राहून म्हणत होत्या, 'भाग्यवान हाईस गं क्षमा. असल्या बापाची सेवा कुणाच्या नशिबात असती!' परवा पाट तिच्या हातात दिला होता. कुणीतरी तिची ओटी भरली. अरिहंतचा फोन आठवड्यात तीनदा आला. 'त्यांची इच्छा असेल तर आपण कोण अडवणार?' तो म्हणाला, आणि मग जरा थांबून, 'ऑफिसमधल्या आपल्या लोकांनाही कळलंय. फार मान देतात.' तिला त्याचा संताप आला. फोन ठेवल्यावर कळलं की संताप त्याचा नाही.

व्रताबद्दल तिच्या मनात काही किंतु नव्हता. तिनं खरं व्रत पाहिलं होतं. आत्या, अक्काताई, अण्णांची थोरली बहीण. तिनं सल्लेखना घेतली तेव्हा क्षमा कॉलेजात होती. आत्यानं आधी महाराजांना विचारलं. महाराजांनी दोनदा परत पाठवलं, अजून वेळ आहे म्हणाले. मग हळूहळू एकेक पदार्थ सोडत गेली. ज्या जावेशी जन्मभर भांडली तिला बोलावून क्षमा मागितली, आणि मागताना पुन्हा थोडी भांडलीच. शेवटी शेवटी अंगाची काडी झाली होती तरी डोळे काय चमकायचे! कुणी रडायला लागलं की म्हणायची, 'माझ्यासाठी रडतीस का स्वयंपाक चुकला म्हणून?' ती जात होती, पण आपल्या पायानं जात होती. अण्णांचे डोळे तसे नव्हते. अण्णा भिंतीकडं तोंड करून पडायचे. अण्णांनी काहीच सोडलं नव्हतं. त्यांच्या हातून सगळं सुटत चाललं होतं. हा फरक क्षमाला पहिल्या दिवसापासून दिसत होता. उद्या महाराजही विचारतीलच की अण्णांना. पण महाराजांपुढं, सगळ्या समाजापुढं, फुलांनी सजवलेल्या गाडीतून उतरलेला तो भिडस्त माणूस 'नाही' म्हणेल? मोटारीत त्यांना लघवी लागली तर ते गाडी थांबवा म्हणत नाहीत.

'झालं का ओ ताई?' महादेव टेबलापाशी आला. डबी अर्धी भरली होती. तिनं अगदी हुबेहूब किड्यांसारख्या माशा घातल्या होत्या, पंखांवरच्या शिरांसकट, शेडमधल्या सगळ्यांत देखण्या. महादेवनं एकेक चिमट्यानं उचलून बाहेर ठेवली. रागानं नाही, तो अशा वेळी कर्नलसारखा मान तिरकी करून बोलायचा. 'ह्या कशाला? पाण्यावर खरा किडा उडतोय तवा ह्या. मासा तोच खात असतोय, आपण तसलाच द्यायचा. पण अस्सलच न्हाय, तर नक्कल कुणाची करताय? अशा वक्ताला सायेब दोन गोष्टी करायचा. एक तर जड मणी लावून खाली सोडायचा, मासा जिथं बसलाय तिथं. न्हायतर मग ही नवरी. कशासारखी न्हाय ना? म्हणूनच.' त्यानं नवरी डबीत टाकली आणि कुणाचा तरी फोन आला म्हणून निघून गेला. क्षमानं उरलेले खण भरले, मण्याच्या, मुंग्यांच्या, सुरवंटांच्या माशांनी. हात आपोआप चालत होते. अस्सलच नाही तर नक्कल कुणाची. आईची खीर, आईची हुग्गी, आईचा भात. आई नाही. तिला एकदम इतका थकवा आला की टेबलावर डोकं टेकावंसं वाटलं. डबी बंद करून तिनं मंगलच्या पुढ्यात ठेवली, 'माझं डोकं दुखतंय, मी जाते' म्हणाली, आणि पर्स उचलून चालू लागली.

तिसऱ्या रेल्वे गेटच्या पुलावर रिक्षा, ट्रक, कॉलेजची पोरं, सगळ्यांनी मिळून कोंडी केली होती. एक कंडक्टर बसच्या दारात लोंबकळून कन्नडात कुणाला तरी शिव्या घालत होता. क्षमा कडेकडेनं चालत राहिली. ऊन अजून उतरलं नव्हतं. काय विचारायचं ते ती मनात जुळवत होती आणि जुळवलेलं पुन्हा मोडत होती. अण्णांशी ती असं कधी बोललीच नव्हती. नवरा सोडून गावी आली त्या दिवशीसुद्धा अण्णांनी विचारलं नव्हतं. हातातली पिशवी घेतली आणि 'वरची खोली झाडून घे' एवढंच म्हणाले. किती बरं वाटलं होतं तेव्हा, कुणी काही न विचारण्याचं! सगळं घरच तसं. न विचारणं म्हणजे माया, असंच ते सगळे धरून चालले होते. त्याच मायेनं आता एका माणसाचा जीव चालला होता आणि सगळे गप्प बसून हात जोडत होते.

घरी लक्ष्मीबाई आणि आणखी दोघीजणी बसल्या होत्या. अण्णा खाटेवर, डोळे मिटून. 'आलीस? बरं झालं,' लक्ष्मीबाई म्हणाल्या. 'उद्या सातला गाडी येणार हाय. पांढरं धोतर धुऊन ठेव. आणि तू बी नवं लुगडं नेस, फोटो काढणार हाईत.' क्षमा म्हणाली, 'मावशी, मला अण्णांशी जरा बोलायचंय. एकटीला.' लक्ष्मीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. 'बोल बाई, बोल. आता बोलायचं दिवस किती ऱ्हायलेत?' आणि तिघी उठून त्यांच्या घरी चहाला गेल्या.

क्षमा खाटेजवळ जमिनीवर बसली. अण्णांचा पाय चादरीबाहेर आला होता, टाचेला तंबाखूच्या रानातल्या जुन्या भेगा. ती त्या पायाकडे बघूनच बोलली, तोंडाकडं बघून जमलं नसतं. 'अण्णा, खरं सांगा. तुम्ही अन्न सोडलंय का तुम्हाला भूकच लागत न्हाय?'

अण्णांनी डोळे उघडले नाहीत. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती, तो किक मारत राहिला. मग अण्णा म्हणाले, 'सोडाय काय मी अक्का हाय? माझ्यात कुठली तेवढी ताकद.'

'मग बोलला का न्हाय एवढे दिवस?'

'सुरुवातीला नको वाटत हुतं, हे खरं. तू तुझ्या आईगत करायला जायचीस. दिसायला तसंच, वासाला तसंच. तोंडात घातलं की कळायचं ती न्हाय. मग घास उतरायचा न्हाय बघ.' ते दम घ्यायला थांबले. 'भूक लागती की आता. चार दिवस झालं, लई लागती. पोटात आग पडती. पाणी पिऊन झोपतो.'

'अहो मग!' तिचा आवाज चिरकला. 'लोकांची कसली एवढी भीड? लोक काय म्हणतील म्हणून मरणार काय तुम्ही?'

'लोकांचं न्हाय गं.' अण्णांनी आता डोळे उघडले आणि तिच्याकडं पाहिलं. 'त्या बायका पहिल्यांदा आल्या त्या दिवशी तू कामावरनं आलीस. दारात चपला बघितल्यास, आणि हसलीस. मला हितनं दिसलं. किती वर्सांनी हसलीस तू. ह्या घरात कोण येत नव्हतं, आता येत्यात. तुला बस्तीत पुढं बसवत्यात म्हणं. मी काय, असा न्हायतर तसा जाणारच. म्हटलं, जाता जाता पोरीचं एवढं तरी व्हावं.'

आपण हसलो होतो? क्षमाला आठवत नव्हतं. पण हसलो असणार, कारण त्या वेळी छातीत काहीतरी सैल झालं होतं, ते आठवत होतं. तेवढं एक हसू बघून हा माणूस उपाशी राहिला होता, तिच्यादेखत, आणि ती ओटीतलं खोबरं खात होती. तिनं त्यांचा तो भेगाळलेला पाय दोन्ही हातांनी धरला आणि रडली, अगदी भोकाड पसरून, लहानपणी रडायची तशी. अण्णा घाबरले. 'ए, गप. गप की. शेजारी ऐकतील,' म्हणत राहिले, आणि मग त्यांनाच हुंदका आला.

थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं. 'काय करू खायला?'

'कायपण. तुझ्या आईचं सोडून. तू डब्यात नेतीस ते काय असतंय?'

'उप्पीट. ते काय खाता? गोळे होतात त्याचे. घाईत करते मी.'

'कर तेच.'

तिनं रवा भाजला. घाईत मोहरी करपली, पाणी एकदम ओतलं गेलं आणि गोळे झालेच. आईनं असलं उप्पीट गाईपुढं ठेवलं असतं. तिनं ते तसंच ताटलीत वाढलं, भिंतीला उशी लावून अण्णांना बसवलं आणि ताटली त्यांच्या मांडीवर ठेवली. चमचा भरवायला तिनं हात पुढं केला, तर अण्णांनी तो बाजूला सारला. त्यांनी स्वतःच्या बोटांनी एक गोळा फोडला. तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. लक्ष्मीबाईंचा आवाज, आणि आता तिघींहून जास्त जणी होत्या. संध्याकाळच्या आरतीला गल्लीतल्या आल्या असणार. अण्णांचा हात हवेतच थांबला. 'दार लाव,' ते हळूच म्हणाले. 'आधी दार लाव, क्षमा.'

क्षमा उठली. दारापाशी गेली. लक्ष्मीबाई पायरीवर चप्पल काढत होत्या, हातात आरतीचं तबक, मागं बायका. एक क्षणभर, खोटं कशाला बोला, एक क्षणभर तिला ते सगळं हवंसं वाटलं : ते तबक, ती नावानं मारलेली हाक, पुढच्या रांगेतली जागा. पुन्हा कधी मिळणार नव्हतं. आता तर मागून बोलायला नवीन विषय मिळणार होता. तिनं दोन्ही हात चौकटीला लावले.

'मावशी, गाडी नको म्हणून कळवा,' ती म्हणाली. आवाज वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. 'अण्णांनी कसलं व्रत घेतलेलं न्हाय. त्यांना बरं नव्हतं. आता जेवायला बसलेत.'

'काय बोलतीस गं?' लक्ष्मीबाईंच्या हातातलं तबक कललं. मागच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणीतरी 'अगंबाई' म्हणालं. गल्लीत ती शांतता पसरली जिच्यात उद्या कोण काय बोलणार ते सगळं आधीच ऐकू येत असतं. क्षमा हलली नाही.

मग आतून अण्णांचा आवाज आला, क्षीण, घासानं भरलेला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

'क्षमा, मीठ कमी पडलंय गं.'

ती मिठाची बरणी आणायला आत गेली. दार तिनं उघडंच ठेवलं.